फुटलेल्या केंद्रकांचा माग

१९४८ च्या वसंतात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून प्लास्टिकचा एक प्रचंड बलून आकाशात सोडला गेला. त्याखाली कणांच्या वाटा दाखवणारे एक क्लाउड चेंबर आणि छायाचित्रणाच्या काही काचा टांगलेल्या होत्या. सुमारे तीस किलोमीटर उंचीवर तरंगून हे सामान खाली आले, काचा धुतल्या गेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या गेल्या. काचांवरच्या इमल्शन या प्रकाशसंवेदी लेपाच्या पातळ थरात पाहणाऱ्यांना काही अनोळखी रेघा दिसल्या. त्या जाड आणि काळ्याभोर होत्या, आणि त्यांच्या कडांना बारीक केसांसारखे फाटे फुटलेले होते. एवढी ठळक रेघ ओढण्याची ताकद प्रोटॉनमध्ये नव्हती. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांत कार्बन, ऑक्सिजन, थेट लोखंडापर्यंतच्या जड अणूंची केंद्रके असतात, याचा तो पहिला पुरावा होता.

काही रेघा मात्र मध्येच संपत होत्या. जिथे जाड रेघ संपे, तिथून बारीक रेघांचा झुपका निघे. इमल्शनमधल्या एखाद्या अणुकेंद्रकावर आदळून पाहुण्या केंद्रकाचे तुकडे झालेले असत. वैश्विक किरणांचे मूळ रूप शोधणाऱ्यांना ही मोडतोड सुरुवातीला अडचणीची वाटली, कारण तिच्यामुळे मूळ प्रवाह गढूळ होत होता. पुढच्या तीस वर्षांत याच मोडतोडीने त्यांच्या हाती असे मोजमाप दिले, की दूरच्या ताऱ्यांच्या प्रदेशातून आलेला कण वाटेत किती द्रव्यातून गेला आणि किती काळ भटकला, हे मुक्कामाला आलेल्या तुकड्यांवरून सांगता येऊ लागले.

या गोष्टीची सुरुवात ७ ऑगस्ट १९१२ रोजी झाली. त्या दिवशी ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस हायड्रोजन भरलेल्या बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंच गेले. सोबत हवेतले विद्युत्‌भारित कण मोजणारी उपकरणे होती. हवा आयनीभूत करणारे किरण जमिनीतून येत असतील, तर उंचीबरोबर ते कमी व्हायला हवे होते. हेस यांना ते वाढताना आढळले, म्हणजे त्यांचा उगम वर कुठेतरी होता. या शोधाला १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे किरण नेमके कशाचे, हा वाद पुढे बराच काळ चालला. रॉबर्ट मिलिकन त्यांना प्रकाशाच्या जातीचे गॅमा किरण मानत. आर्थर कॉम्प्टन यांनी १९३२ मध्ये जगभर मोजमापे घडवून आणली, तेव्हा विषुववृत्ताकडे किरणांची तीव्रता कमी होते, हे स्पष्ट झाले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवत होते. त्याअर्थी ते विद्युत्‌भारित कण होते. पश्चिमेकडून ते जास्त येतात असे दिसल्यावर त्यांचा भार धन असल्याचेही कळले. १९४१ मध्ये मार्सेल शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ किरण मुख्यतः प्रोटॉनचे आहेत, असे दाखवले आणि चित्र जवळजवळ पूर्ण झाल्यासारखे वाटले.

त्यात जड केंद्रकांना जागा नव्हती, कारण ती कुणाला दिसलीच नव्हती. आपल्या डोक्यावरचे वातावरण म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवा. दहा मीटर खोल पाण्याइतका हा थर आहे. प्रोटॉन एका टकरीपूर्वी सरासरी ८० ते ९० ग्रॅम हवा पार करतो. कार्बन-ऑक्सिजनच्या केंद्रकाला २५-३० ग्रॅम हवा टकरीला पुरते आणि लोखंडाच्या केंद्रकाला त्याच्याही निम्मी. म्हणजे वातावरणाच्या सर्वांत वरच्या काही टक्क्यांतच जड केंद्रकांचा चुराडा होतो. डोंगरमाथ्यावर, विमानात किंवा हेस यांच्या बलूनच्या उंचीवर ती शाबूत सापडणे शक्य नव्हते. त्यांना गाठायचे तर बहुतेक सगळी हवा खाली टाकून वर जायला हवे होते, आणि तिथे प्रत्येक कणाची ओळख पटवणारे साधनही हवे होते.

ही दोन्ही साधने योगायोगाने एकाच सुमारास तयार झाली. पहिले साधन होते इमल्शन. व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाउ यांनी छायाचित्रणाच्या काचेवर अणुकणांच्या वाटा टिपण्याचे तंत्र अनेक वर्षे खपून घडवले होते. १९३७ मध्ये त्यांना आणि हेर्टा वामबाखर यांना इन्सब्रुकजवळच्या हाफेलेकार शिखरावर ठेवलेल्या काचांत वैश्विक किरणांनी फोडलेल्या केंद्रकांच्या ताऱ्यासारख्या आकृती सापडल्या. पुढच्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू असलेल्या ब्लाउ यांना देश सोडावा लागला. त्यांच्या तंत्राला युद्धानंतर ब्रिस्टल विद्यापीठात सेसिल पॉवेल यांच्या गटाने नवे बळ दिले. अधिक संवेदनशील इमल्शन वापरून त्यांनी १९४७ मध्ये पायॉन हा कण शोधला.

दुसरे साधन होते पॉलिथिलीनचा बलून. मिनियापोलिस इथली जनरल मिल्स ही पीठ आणि न्याहारीचे पदार्थ विकणारी कंपनी युद्धकाळात यंत्रनिर्मितीत उतरली होती. तिथे ओटो विन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिथिलीनच्या पातळ पडद्याचे बलून बनवले. रबरी बलून वर जाता जाता फुगून फुटे. हा नवा बलून ठरलेल्या उंचीवर तासन्‌तास स्थिर राही. अमेरिकन नौदलाच्या ‘स्कायहुक’ योजनेखाली असा पहिला बलून २५ सप्टेंबर १९४७ रोजी सेंट क्लाउड इथून सुटला आणि तीस किलोमीटरच्या घरात पोहोचला. तिथे वर उरलेली हवा दर चौरस सेंटिमीटरला दहा-पंधरा ग्रॅमच असते. जड केंद्रके शाबूत भेटण्याची जागा अखेर माणसाच्या आवाक्यात आली.

मिनेसोटा विद्यापीठातल्या एडवर्ड ने, एडवर्ड लॉफग्रेन आणि फ्रँक ओपेनहायमर यांनी ही संधी ओळखली. फ्रँक हे अणुबॉम्ब प्रकल्पाचे वैज्ञानिक प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ. फिलिस फ्रायर तेव्हा पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली काचा तपासण्याचे चिकाटीचे काम त्यांनी केले. रोचेस्टर विद्यापीठातून हेल्मुट ब्राड्ट आणि बर्नार्ड पीटर्स या कामात सामील झाले. जुलै १९४८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त या सहा जणांच्या नावे शोधाची घोषणा छापून आली.

केंद्रकाची ओळख पटवण्याची पद्धत सरळ होती. भारित कण इमल्शनमधून जाताना वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो, आणि हा परिणाम त्याच्या विद्युत्‌भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लोखंडाच्या केंद्रकावर २६ प्रोटॉनांचा भार असतो. त्यामुळे त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या तुलनेत ते पावणेसातशे पट खोल ठसा उमटवते. जे इलेक्ट्रॉन विशेष जोराने उडतात, ते स्वतःची छोटी रेघ ओढतात. जाड रेघांच्या कडेचे केस म्हणजे असे इलेक्ट्रॉन. ते मोजून भार काढता येतो आणि भारावरून मूलद्रव्य कळते. हळूहळू प्रमाण स्पष्ट झाले. वैश्विक किरणांत दर शंभर केंद्रकांत हायड्रोजनची नव्वदीच्या आसपास, हेलियमची दहाच्या आसपास आणि उरलेल्या सर्व जड मूलद्रव्यांची मिळून एखादे. साधारण असेच मिश्रण ताऱ्यांत आढळते. पृथ्वीबाहेरच्या, सूर्यमालेच्याही पलीकडच्या द्रव्याचे नमुने माणसाच्या हाती येत होते.

आता प्रश्न फुटण्याचा होता. ब्राड्ट आणि पीटर्स यांनी शेकडो जड रेघांचा पाठलाग केला. रेघ किती अंतर जाऊन तुटते आणि तुटल्यावर काय उरते, याची नोंद ठेवली. १९५० मध्ये त्यांनी टकरीचे एक सोपे भूमितीय सूत्र मांडले. दोन केंद्रकांच्या त्रिज्यांची बेरीज घ्यायची, त्यातून थोडे अंतर वजा करायचे आणि उरलेल्या त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे टकरीचे लक्ष्य. वजाबाकी अशासाठी, की केंद्रकांच्या कडा विरळ असतात आणि नुसता निसटता स्पर्श झाला तर काहीच बिघडत नाही. केंद्रकाची त्रिज्या त्यातल्या कणसंख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे हे सूत्र कोणत्याही जोडीला लावता येई. ‘ब्राड्ट-पीटर्स सूत्र’ हे नाव आजही अणुकेंद्रकांच्या अभ्यासात वापरात आहे.

फुटण्याचा तपशीलही लक्षणीय होता. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येणारे केंद्रक समोरच्या केंद्रकाला क्वचितच मधोमध धडकते. बहुतेक वेळा दोघांचा काही भागच एकमेकांवर येतो. त्या भागातले प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांवर आपटून विखुरतात. उरलेल्या भागाला या गोंधळाची खबर लागण्याआधीच तो पुढे निघून गेलेला असतो. धावत्या मालट्रकवरचे पोते उसवले, तर बाहेर पडणारे दाणे सुटताक्षणी ट्रकच्याच वेगाने पुढे जात असतात. तसे केंद्रकाचे तुकडे मूळ वेगाने आणि जवळजवळ मूळ दिशेने जात राहतात. मार खाल्लेला तुकडा तापलेला असतो, म्हणून तो वाटेत आणखी काही न्यूट्रॉन, प्रोटॉन किंवा हेलियमची केंद्रके फेकतो आणि शांत होतो. टक्कर आधी आणि निवणे नंतर, ही दोन टप्प्यांची कल्पना रॉबर्ट सर्बर यांनी १९४७ मध्येच मांडली होती. तुकडे वेग टिकवून ठेवतात, ही गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे.

तो हिशेब लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन या तीन मूलद्रव्यांभोवती फिरतो. तिन्ही हलकी आहेत, पण विश्वात अत्यंत दुर्मीळ, कारण ताऱ्यांच्या पोटातल्या उष्णतेत ती टिकत नाहीत, जळून जातात. जिथून वैश्विक किरण निघतात तिथे ती जवळजवळ नसणार. मग ती किरणांत आढळली तर कुठून आली? कार्बन आणि ऑक्सिजनची केंद्रके वाटेत आंतरतारकीय वायूवर आदळून फुटली, तर त्यांच्या तुकड्यांत हीच मूलद्रव्ये असणार. जितक्या जास्त टकरी, तितके जास्त बोरॉन. म्हणून या तीन मूलद्रव्यांचे कार्बन-ऑक्सिजनशी असलेले प्रमाण मोजले, की वैश्विक किरणांनी एकूण किती द्रव्य ओलांडले, हे सांगता येणार होते. ब्राड्ट आणि पीटर्स यांनी १९५० मध्ये हा प्रश्न नेमकेपणाने मांडला आणि उत्तरही दिले. त्यांच्या काचांत ही तीन मूलद्रव्ये फारच थोडी होती, त्यामुळे किरणांचा प्रवास छोटा असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्रिस्टलच्या गटाला मात्र आपल्या काचांत ती भरपूर सापडली. दोन नामांकित प्रयोगशाळांची उत्तरे परस्परविरोधी होती आणि हा तिढा जवळपास दहा वर्षे टिकला.

दरम्यान पहिला शोध लावणाऱ्यांपैकी दोघांवर वेगळेच संकट कोसळले. अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेने जोर धरला होता. जून १९४९ मध्ये संसदेच्या समितीपुढे फ्रँक ओपेनहायमर यांनी आपण एकेकाळी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होतो हे मान्य केले. त्यांना मिनेसोटा विद्यापीठ सोडावे लागले आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी कोलोराडोत गुरे पाळून काढली. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ हे विज्ञान संग्रहालय उभे केले ते याच फ्रँक यांनी. जून १९४९ मध्येच रॉबर्ट ओपेनहायमर यांनी समितीसमोर आपले माजी विद्यार्थी बर्नार्ड पीटर्स यांच्याविरुद्ध दिलेली साक्ष रोचेस्टरच्या वर्तमानपत्रात फुटली. पीटर्स यांचा जन्म पोझेनचा. तरुणपणी नाझींच्या दाखाऊ छळछावणीतून सुटून ते अमेरिकेत आले होते. रॉबर्ट यांनी नंतर रोचेस्टरच्याच दुसऱ्या वर्तमानपत्राला पत्र लिहून आपले शब्द मवाळ केले, पण पीटर्स यांच्यामागे लागलेला संशय गेला नाही आणि पासपोर्टच्या अडचणी वाढत गेल्या. अशा वेळी होमी भाभांनी त्यांना मुंबईला बोलावले. १९५१ च्या सुमारास पीटर्स टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले.

कुलाब्याची आजची इमारत तेव्हा उभी राहिलेली नव्हती. संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये भरत होती. भाभा स्वतः वैश्विक किरणांचे अभ्यासक होते. देवेंद्र लाल आणि यश पाल यांच्यासारखे तरुण तिथे नुकतेच आले होते. पीटर्स यांच्यामुळे इमल्शन वापरण्याची आणि काचा वाचण्याची बारकाईची शिस्त मुंबईत रुजली.

या कामाला भारताच्या भूगोलाचाही लाभ होता. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ चुंबकीय क्षेत्र मंद कणांना आत येऊच देत नाही. दक्षिण भारतावर पोहोचणाऱ्या जड केंद्रकाकडे दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे किमान सात-आठ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असावीच लागते. मिनेसोटात याहून कितीतरी मंद केंद्रकेही येतात आणि मिश्रण होते. भारतातून सोडलेल्या बलूनवरच्या काचांत मात्र निवडून घेतल्यासारखी वेगवान केंद्रके मिळत. जगात कुठल्याही त्वरकाला तेव्हा जड केंद्रके अशा ऊर्जेला नेता येत नव्हती. टकरीनंतर तुकडे किती अरुंद शंकूत जातात, यावरून मूळ केंद्रकाची ऊर्जा काढण्याची रीत पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली होती. वेग जितका जास्त, तितका शंकू अरुंद. जे फुटणे आधी माहिती पुसून टाकत होते, ते आता ऊर्जा मोजायला उपयोगी पडत होते. पुढे संस्थेने पॉलिथिलीनचे बलून स्वतः बनवायला सुरुवात केली आणि हैदराबादेत बलून सोडण्याचे कायमचे केंद्र उभे राहिले.

मुंबईतच पीटर्स यांनी फुटण्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू हाती घेतली. वैश्विक किरण जसे स्वतः फुटतात, तसे हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या केंद्रकांनाही फोडतात. त्या तुकड्यांत बेरिलियमचे दोन किरणोत्सारी समस्थानिक असतात. बेरिलियम-७ चे अर्धायुष्य ५३ दिवसांचे, तर बेरिलियम-१० चे लाखो वर्षांचे. हे तुकडे पावसाबरोबर खाली येत असणार आणि समुद्रतळाच्या गाळात साचत असणार, असे पीटर्स यांनी १९५५ मध्ये मांडले. १९५६ मध्ये लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाच्या पाण्यात वैश्विक किरणांनी बनवलेल्या बेरिलियमचा अहवाल दिला आणि १९५७ मध्ये खोल समुद्रातल्या गाळातले बेरिलियम-१० मोजले. शिकागोत जेम्स अर्नोल्ड स्वतंत्रपणे याच वाटेने चालले होते. हिमनद्या केव्हा मागे हटल्या, खडक किती काळ उघड्यावर पडून आहे, समुद्रतळ किती वेगाने साचतो, हे आज याच तुकड्यांवरून काढले जाते. पीटर्स १९५० च्या दशकाच्या अखेरीस कोपनहेगनला गेले, पण भारत त्यांना विसरला नाही. १९८५ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

ब्रिस्टल आणि रोचेस्टर यांच्यातला वाद हळूहळू सुटला. मूळ अडचण अशी होती, की बलूनच्या वर उरलेल्या थोड्याशा हवेतही कार्बन फुटून बोरॉन तयार होतो. काचेत दिसलेला बोरॉन आकाशगंगेतून आला की डोक्यावरच्या हवेतच जन्मला, हे ओळखायला फुटण्याच्या शक्यता नेमक्या माहीत हव्या होत्या, आणि त्या माहीत नव्हत्या. शिवाय इमल्शनमध्ये पाच भाराचा बोरॉन आणि सहा भाराचा कार्बन यांत फरक करणे नाजूक काम होते. अधिक उंच जाणारे बलून, अधिक चांगले इमल्शन आणि अधिक रेघा यांच्या जोरावर १९६० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत मॉरिस शपिरो यांच्या गटाने आणि इतरांनी चित्र स्पष्ट केले. लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन मिळून कार्बन-ऑक्सिजनच्या सुमारे पाव पट भरतात. सूर्यमालेत आढळणाऱ्या प्रमाणापेक्षा हे एक लाख पटींहून जास्त आहे. ब्राड्ट आणि पीटर्स यांचे मोजमाप अपुरे ठरले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता.

या प्रमाणावरून निघालेले उत्तर असे, की वैश्विक किरण वाटेत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाच ग्रॅम द्रव्य ओलांडतात, म्हणजे पाच सेंटिमीटर खोल पाण्याइतके. दिसायला हे अगदी थोडे आहे. पण आकाशगंगेच्या तबकडीत दर घन सेंटिमीटरला सरासरी एखादाच अणू असतो. इतक्या विरळ वायूत पाच ग्रॅम गाठायला प्रकाशाच्या वेगाने सुमारे तीस लाख वर्षे चालावे लागते. आकाशगंगेचा व्यास तर एक लाख प्रकाशवर्षांच्या घरातला. म्हणजे वैश्विक किरण उगमापासून आपल्यापर्यंत सरळ येत नाहीत. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रांत वळत, अडखळत ते लाखो वर्षे भटकतात. रशियाचे विताली गिन्झबुर्ग आणि सर्गेई सिरोवात्स्की यांच्या १९६४ च्या ग्रंथाने ही भटकंती सिद्धान्ताच्या चौकटीत बसवली.

तरी या हिशेबाचा पाया कच्चा होता, कारण कोणते केंद्रक फुटून कोणते तुकडे किती वेळा मिळतात, याची मोजलेली आकडेवारी फार थोडी होती. आकाशातून येणारी केंद्रके मागणीबरहुकूम मिळत नाहीत. संशोधकांना एकाच जातीच्या, एकाच वेगाच्या केंद्रकांचा झोत हवा होता. तो १९७१ मध्ये मिळाला. त्या वर्षी प्रिन्स्टनच्या आणि बर्कलीच्या त्वरकांत नायट्रोजनची केंद्रके पहिल्यांदा खूप मोठ्या ऊर्जेला नेण्यात आली. बर्कलीच्या ‘बेव्हाट्रॉन’ची उभारणी ज्यांनी हाताळली होती ते एडवर्ड लॉफग्रेन म्हणजे १९४८ च्या शोधनिबंधावर नाव असलेलेच लॉफग्रेन. १९७४ मध्ये बेव्हाट्रॉनला दुसऱ्या एका त्वरकाची जोड देऊन ‘बेव्हालॅक’ तयार झाले आणि आणखी जड केंद्रकांचे झोत मिळू लागले.

तिथे हॅरी हेकमन, डग्लस ग्राइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटण्याचे नियम पक्के केले. तुकडे मूळ वेगानेच जातात, हे त्यांनी अचूक मोजून दाखवले. त्यांच्या वेगातला किंचित फरक केंद्रकाच्या आत प्रोटॉन-न्यूट्रॉन सतत हलत असल्यामुळे येतो, असे आल्फ्रेड गोल्डहाबर यांनी १९७४ मध्ये स्पष्ट केले. कोणते तुकडे किती प्रमाणात मिळतील हे लक्ष्य कशाचे आहे यावर फारसे अवलंबून नसते, हाही महत्त्वाचा धागा मिळाला. नौदल प्रयोगशाळेतल्या राइन सिल्बरबर्ग आणि चेन त्साओ यांनी उपलब्ध मोजमापे एकत्र करून न मोजलेल्या जोड्यांसाठी अंदाजसूत्रे बांधली आणि ती जगभर वापरली गेली.

आता एकच मोठा प्रश्न उरला होता. पाच ग्रॅम द्रव्य ओलांडले हे खरे, पण त्याला किती वेळ लागला? वायू दाट असेल तर कमी, विरळ असेल तर जास्त. उत्तर पुन्हा एका तुकड्यानेच दिले. कार्बन-ऑक्सिजन फुटून बेरिलियमचे तीन समस्थानिक बनतात. त्यांतला बेरिलियम-१० सुमारे चौदा लाख वर्षांच्या अर्धायुष्याने क्षय पावतो. बेरिलियम-९ मात्र टिकून राहतो. पोहोचलेल्या किरणांत बेरिलियम-१० जितके कमी, तितका प्रवास लांब. शिकागो विद्यापीठातल्या मोझेस गार्सिया-मुनोझ, ग्लेन मेसन आणि जॉन सिम्पसन यांनी उपग्रहांवरच्या उपकरणांनी हे प्रमाण मोजले आणि १९७७ मध्ये दीड कोटी वर्षांच्या आसपासचे वय जाहीर केले. अपेक्षित तीस लाखांच्या हे कित्येक पट होते. त्याचा एक सरळ अर्थ लागतो. वैश्विक किरण बराचसा काळ आकाशगंगेच्या दाट तबकडीत काढत नाहीत. तिच्या वर-खाली पसरलेल्या अतिविरळ प्रदेशात जातात आणि परततात. समुद्रतळाच्या गाळात ज्या समस्थानिकाचा शोध मुंबईच्या संशोधकांनी घेतला, त्यानेच आकाशगंगेतल्या प्रवासाचा काळही सांगितला.

या शोधमालिकेचे परिणाम दूरवर पोहोचले. हबर्ट रीव्हज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी १९७० मध्ये दाखवले, की वैश्विक किरणांच्या टकरींतून आकाशगंगेच्या आयुष्यभरात जेवढे बेरिलियम आणि बोरॉन तयार होईल, ते विश्वात सापडणाऱ्या साठ्याशी जुळते. बहुतेक जड मूलद्रव्ये ताऱ्यांत शिजतात. बेरिलियम आणि बरेचसे बोरॉन मात्र जड केंद्रके फुटून जन्मले. पाचूतले बेरिलियम आणि कॅरमबोर्डावर टाकायच्या बोरिक पावडरमधले बरेचसे बोरॉन सूर्य जन्मण्याआधीच्या अशा टकरींतून आलेले आहे.

दुसरा परिणाम माणसाच्या शरीराशी निगडित आहे. जड केंद्रके डोळ्यांतून गेली तर अंधारातही प्रकाश चमकल्याचा भास होईल, असे बर्कलीचे कॉर्नेलियस टोबायस यांनी १९५२ मध्येच सांगितले होते. अपोलोच्या चांद्रवीरांना तसे चमकारे खरोखर दिसले आणि त्यांच्या शिरस्त्राणांच्या प्लास्टिकमध्ये जड केंद्रकांचे माग सापडले. संरक्षणासाठी भिंत जाड करणे पुरेसे नाही, कारण भिंतीत केंद्रक फुटले की तुकड्यांचा झोत आतल्या माणसावर येतो. हायड्रोजन भरपूर असलेले हलके द्रव्य धातूपेक्षा चांगला आडोसा देते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या झोपण्याच्या खोल्यांना पॉलिथिलीनचे अस्तर आहे. १९४८ च्या बलूनचे कापड याच द्रव्याचे होते. बेव्हालॅकवर सुरू झालेल्या जड केंद्रकांच्या कर्करोग उपचारांनाही हेच ज्ञान लागते. झोत शरीरात किती फुटेल हे माहीत नसेल, तर गाठीपलीकडच्या निरोगी भागाला किती मात्रा लागेल हे ठरवता येत नाही. जपानने चिबा इथे १९९४ पासून असे उपचार मोठ्या प्रमाणावर चालवले.

भारतातही हा धागा तुटला नाही. १९८५ मध्ये ‘चॅलेंजर’ यानावरच्या स्पेसलॅब-३ मध्ये टाटा संस्थेच्या सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखाली ‘अनुराधा’ हे उपकरण गेले. इमल्शनची जागा आता खास प्लास्टिकने घेतली होती, पण केंद्रकाचा माग द्रव्यातच वाचायचा हे तत्त्व तेच राहिले.

आज अवकाश स्थानकावरचे ‘एएमएस’ हे उपकरण लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन काही टक्क्यांच्या अचूकतेने मोजते. त्या आकड्यांवरून प्रवासाचा हिशेब करायला बसले, की अडसर येतो तो पृथ्वीवरच्या माहितीचा. अनेक केंद्रकांच्या फुटण्याच्या शक्यता अजून दहा-वीस टक्क्यांच्या अनिश्चिततेने माहीत आहेत. म्हणून जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत ‘एनए६१’ या प्रयोगाने २०१८ मध्ये कार्बन केंद्रकांचे फुटणे पुन्हा मोजायला घेतले. बोरॉन आकाशगंगेत किती बनला आणि हवेत किती, हे वेगळे करायला ब्राड्ट आणि पीटर्स यांना १९५० मध्ये जी संख्या हवी होती, तीच संख्या आता अधिक अचूक हवी आहे. वैश्विक किरण कुठून निघाले आणि कुठे भटकले, याचे पुढचे उत्तर किती नेमके असेल, हे एक केंद्रक दुसऱ्यावर आदळून कसे फुटते, याच्या मोजमापावर अवलंबून आहे.